यहुदी, ख्रिस्ती, इस्लाम: थोरलं कोण, धाकटं कोण?

नमस्कार मंडळी!

आधी यहुदी, त्यातून ख्रिस्ती, मग इस्लाम. हा क्रम डोक्यात इतका पक्का बसलेला असतो की आजी, आई, नात अशी वंशावळ मांडून आपण मोकळे होतो. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. आज जगभर यहुदी लोक ज्या स्वरूपात आपला धर्म पाळतात ते स्वरूप आणि ख्रिस्ती धर्म या बहिणी आहेत, जवळपास एकाच वयाच्या. आणि हे वय ठरवणारं साल आहे इ.स. ७०.

तिथं पोचायला आधी बरंच मागं जाऊ.

(स्क्रीनवर: मेर्नेप्ताहचा शिलालेख)

हा दगड इ.स.पू. १२०८च्या सुमाराचा, इजिप्तमधला. मेर्नेप्ताह राजा आपल्या विजयांची जंत्री देतोय, आणि त्यात म्हणतो, इस्रायल उजाड झालं, त्याचं बी उरलं नाही. या नावाचा बायबलबाहेर सापडलेला हा सर्वांत जुना उल्लेख. म्हणजे पहिल्यांदा नाव येतं तेच ‘संपले’ म्हणून! राजेलोकांच्या फुशारक्या, दुसरं काय.

हे लोक तेव्हापासून एकच देव मानत होते का? पुरावा तसं सांगत नाही. सिनाईच्या वाळवंटात कुंतिल्लत अज्रूद नावाची जागा आहे. तिथं इ.स.पू. ८००च्या आसपासच्या रांजणांवर याहवे, म्हणजे इस्रायली लोकांचा देव, आणि ‘त्याची अशेरा’ यांच्या नावानं आशीर्वाद लिहिलेले सापडले. अशेरा म्हणजे त्या भागातली देवी. काही अभ्यासक म्हणतात, इथं तिचं लाकडी प्रतीक अभिप्रेत आहे. ते काही असो, ‘देव एकच, दुसरा कोणी नाहीच’ हा ठाम सूर नंतरचा आहे.

तो घट्ट झाला संकटात. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरनं जेरुसलेम पाडलं, मंदिर जाळलं आणि तिथल्या राजघराण्यातल्या, कारागीर-कारकून अशा कामाच्या माणसांना बाबिलोनला नेलं. त्या काळचा साधा हिशेब होता: ज्याचं देऊळ पडलं तो देव हरला. या लोकांनी हिशेबच उलटा केला. आमचा देव हरला नाही, त्यानंच बाबिलोनच्या हातून आम्हाला शिक्षा केली. म्हणजे बाबिलोनवरही हुकूम त्याचाच! मला विचाराल तर धर्मांच्या इतिहासात याच्याइतका धाडसी विचार क्वचितच कुणी केला असेल.

पुढं इराणच्या सायरसनं इ.स.पू. ५३९ मध्ये बाबिलोन जिंकलं, परतायची मुभा मिळाली, दुसरं मंदिर उभं राहिलं. त्यानंतर जवळपास सहाशे वर्षं मंदिर, तिथले याजक, तिथले बळी आणि वर्षातल्या यात्रा हाच धर्माचा कणा.

आता येशूंचा काळ. रोमचं राज्य, इ.स. २६ ते ३६ या काळात पंतय पिलात सुभेदार. तेव्हाचे यहुदी काही एकजिनसी नव्हते. मंदिराचा कारभार हातात असलेले सदूकी, नियमशास्त्राचा कीस काढणारे परूशी, मृत समुद्राकाठी कुमरानला पोथ्या सांभाळणारे, आणि यांच्यातच एक छोटा गट येशूंच्या अनुयायांचा. येशू यहुदी म्हणून जन्मले, यहुदी म्हणूनच जगले. त्यांच्यामागं जेरुसलेममधल्या गटाचं पुढारपण त्यांचे भाऊ याकोब यांच्याकडे आलं. भांडण पेटलं ते परक्यांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, गटात घेण्यावरून. सुंता न करता घ्यायचं का? परक्यांमध्ये येशूंचा संदेश पसरवणारा पौल म्हणाला, घ्यायचं. त्याची पत्रं इ.स. ५०च्या दशकातली, म्हणजे बायबलमधल्या येशूंच्या चारही चरित्रकथांच्या, शुभवर्तमानांच्या आधीची. पण तरीही, मंडळी, हे घरातलंच भांडण होतं. वाटण्या व्हायच्या होत्या.

(स्क्रीनवर: टायटसची कमान, रोम)

इ.स. ६६ मध्ये यहुद्यांनी रोमविरुद्ध बंड केलं. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसच्या फौजेनं मंदिर जाळलं. लुटीतला सात शाखांचा दीपवृक्ष खांद्यावर मिरवणारी माणसं या कमानीवर आजही दिसतात. मंदिरच गेलं, मग बळी कुठं द्यायचे? पापाची फेड कशी करायची? सदूकींचा तर आधारच गेला, ते इतिहासातून पुसले गेले. टिकले ते मुख्यतः दोन गट, कारण दोघांकडे उत्तर होतं.

परूशी परंपरेतले शिक्षक यव्ने गावी जमले. योहानान बेन झक्काई त्यांचे म्होरके. बळीची जागा प्रार्थनेनं घेतली, याजकांचा मान रब्बींकडे, म्हणजे या शिक्षकांकडे गेला, घरचं जेवणाचं टेबल आणि अभ्यासाची खोली ही पूजेची ठिकाणं झाली. इ.स. २००च्या सुमारास त्यांनी तोंडी परंपरा मिश्ना नावाच्या ग्रंथात बांधली. आजचा यहुदी धर्म प्रामुख्यानं यातून आलाय. येशूंच्या अनुयायांचं उत्तर असं की अखेरचा बळी क्रूसावर दिला गेला, आता मंदिराची गरजच नाही. प्रश्न एकच, उत्तरं दोन. म्हणून मी बहिणी म्हणालो.

आणि वाटण्या काही एका रात्रीत झाल्या नाहीत. इ.स. ३८६-८७ मध्ये अंताकियाचे योहान ख्रिसोस्तोम चर्चमध्ये उभे राहून आपल्याच ख्रिस्ती मंडळींना झापत होते, की यहुद्यांच्या सणांना सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनागृहात, कसले जाता! ज्याअर्थी झापावं लागत होतं, त्याअर्थी लोक जात होते.

यात आपलं कोकणही येतं. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. शब्बाथ होता, सुंता होती, ‘शेमा’ ही प्रार्थना होती, पण हनुका हा सण त्यांना ठाऊक नव्हता. तो बाहेरच्या यहुद्यांशी संपर्क आल्यावर आला. आणि मंदिराच्या विध्वंसाचा दिवस, अव महिन्याची नववी? तो इथं बिरड्याचा सण झाला. जेरुसलेमचं सुतक आणि ताटात वालाचं बिरडं!

आता इस्लाम. अरबस्तान म्हणजे नुसती वाळू आणि मूर्ती असं चित्र आपण रंगवतो, ते चूक आहे. येमेनमधल्या हिम्यारच्या राजांनी चौथ्या शतकातच यहुदी धर्माची कास धरली होती. नजरानला ख्रिस्ती वस्ती होती. मुहम्मद पैगंबरांना इ.स. ६१० मध्ये मक्केजवळ हिरा गुहेत पहिला संदेश मिळाला असं परंपरा सांगते. छळ वाढला तेव्हा त्यांच्या काही अनुयायांनी आसरा घेतला तो हबसाणच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाकडच्या ख्रिस्ती राजाकडे. ६२२ मध्ये पैगंबर मदिनेला आले, जिथं यहुदी टोळ्या राहत होत्या. सुरुवातीला नमाजाची दिशा जेरुसलेमकडे होती, ती साधारण दीड वर्षानं मक्केकडे वळली.

आणि इथं वंशावळ आणखी घोटाळ्यात पडते. इस्लाम स्वतःला नात मानतच नाही. कुराण म्हणतं, इब्राहिम यहुदीही नव्हते आणि ख्रिस्तीही नव्हते. म्हणजे दावा असा की आमचा धर्म मुळात त्यांचा, दोघींच्याही आधीचा. इतिहासकार सातवं शतक म्हणेल, श्रद्धावंत इब्राहिमपासून मोजेल. दोघं वेगवेगळी गोष्ट मोजताहेत, त्यामुळं वाद घालून उपयोग नाही.

(स्क्रीनवर: डोम ऑफ द रॉक)

खलिफा अब्द अल-मलिक यानं इ.स. ६९१-९२ मध्ये हा घुमट बांधला तो कुठं? जेरुसलेममध्ये, त्या पडलेल्या मंदिराच्या आवारात. आतल्या लेखाचा मोठा भाग ईसांबद्दल, म्हणजे येशूंबद्दल आहे: मरियमचा पुत्र, देवाचा दूत, पण देव ‘तीन’ म्हणू नका. शहरात तेव्हा ख्रिस्ती लोकच जास्त होते. वाद कोणाशी चाललाय ते भिंतीवरच वाचता येतं.

हिम्यारवर वेगळा व्हिडिओ करतोय. आणि तुमच्या घरी बिरड्याचा सण होत असेल, तर कसा होतो ते कमेंटमध्ये जरूर लिहा.