मामांचा रबरी हातोडा

नमस्कार श्रोतेहो. श्रावणात दुधाच्या पावडरीचा डबा रात्रभर उघडा राहिला तर सकाळी आत काय सापडतं, ते मी सांगायला नको. तोच प्रकार कारखान्यात, पावडर तयार होता होताच झाला तर? आणि तो संगणकावर आधी पाहता येतो का? आज त्याबद्दल बोलू या.

दूध आधी आटवतात. मग स्टीलच्या उंच टॉवरमध्ये वरून त्याचा फवारा सोडतात, सोबत 180 ते 200 अंशांची गरम हवा. थेंब खाली येईपर्यंत त्याची भुकटी झालेली असते. पद्धत जुनीच, सॅम्युअल पर्सी यांनी अमेरिकेत 1872 साली तिचं पेटंट घेतलं होतं.

आता थेंबांचं ऐका. दोन ओले थेंब धडकले की त्यांचा एक होतो. दोन कोरडे कण धडकले की उडून लांब जातात. मधे मात्र एक अवस्था येते, एकतारी पाकासारखी. तेव्हा धडकले की चिकटलेच. पुन्हा सांगतो: ओला मिसळतो, कोरडा उडतो, मधला चिकटतो.

थोड्या गुठळ्या हव्याच असतात बरं का. कणांचे लहान घोस असले की फटींतून पाणी शिरतं आणि पावडर पटकन विरघळते. म्हणून हवेबरोबर निसटणारी बारीक भुकटी पकडून पाइपातून परत फवाऱ्यात सोडतात. (पावडरीच्या चहाला मी चहा म्हणत नाही, तो भाग वेगळा. पुण्यात इतके गोठे जवळ असताना लोक ऑफिसात तो पितात कसा, देव जाणे.)

संगणकाची अडचण अशी की एक लिटर दुधाचे 100 मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे, थेंब केले तर ते सुमारे 190 कोटी होतात. पुण्यात 1991 साली ‘परम 8000’ हा महासंगणक तयार झाला त्याला इतकी वर्षं झाली, तरी टॉवरमधला प्रत्येक थेंब मोजणं आजही परवडत नाही. मग थोडे प्रतिनिधी थेंब घेतात, एकेक प्रतिनिधी हजारोंच्या वतीने फिरतो. दोघे जवळ आले की टक्कर होण्याची शक्यता किती ते काढायचं, आणि झाली की नाही हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. झाली, तर पृष्ठभाग किती ओला ते बघायचं आणि आपला नियम लावायचा. ओला मिसळतो, कोरडा उडतो, मधला चिकटतो.

हे सगळं मला ज्यासाठी सांगायचं होतं, ती गोष्ट आता.

सोलापूर रस्त्याकडची एक डेअरी. टॉवरच्या खालच्या निमुळत्या भागाला आतून पावडरीचे थर बसायचे. आमचा एक तरुण सहकारी याच गणितातून निघालेली लाल-निळी चित्रं घेऊन तिथे गेला. (रंगीत चित्र दिसलं की मीटिंगमधले लोक प्रश्न विचारायचे थांबतात, हे मी फार ठिकाणी पाहिलंय.) चित्रात एकाच बाजूला लाल डाग होता, म्हणजे पावडर तिथे जास्त चिकटणार. शिफ्टवर एक मामा होते. त्यांनी चित्र हातात घेतलं, काही न बोलता आम्हाला टॉवरच्या मागे नेलं आणि पत्र्याकडे बोट दाखवलं. तिथे पोचेच पोचे! वर्षानुवर्षं मामा रबरी हातोड्याने ठोकून थर पाडत होते, आणि पोचे बरोब्बर त्या लाल डागाच्या जागी.

पोरगा खूश. म्हणाला, “मामा, भुकटी परत आणणारा पाइप तिरका आहे. ती एकाच बाजूच्या ओल्या फवाऱ्यात घुसते, तिथे मोठ्या गुठळ्या होतात आणि वाळायच्या आतच भिंतीवर आदळतात.”

मामा म्हणाले, “ते ठीक आहे साहेब. पण चैतात मी हातोडा दिवसातून एकदा उचलतो आणि श्रावणात तासातासाला. ह्या चित्रात पाऊस कुठंय?”

पाऊस नव्हताच! गणितात हवा वर्षभर एकसारखी धरली होती. पुण्यात ऑगस्टमध्ये किलोभर हवेत सुमारे 18 ग्रॅम वाफ असते, चैत्रातल्या दुपारी साधारण निम्मी. तीच हवा तापवून टॉवरमध्ये जाते. वाफ जास्त, म्हणजे कणात पाणी थोडं जास्त उरतं. आणि ते थोडं पाणीच घात करतं. दुधातली साखर वाळल्यावर काचेसारखी घट्ट असते. अगदी कोरडी असेल तर 101 अंशांपर्यंत तशीच राहते, पण शेकडा चार पाणी आलं की हा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. त्याच्या वर तापमान गेलं की कण पुन्हा चिकट. मधला चिकटतो, आठवलं ना?

पोराने वाफेचा आकडा बदलून गणित पुन्हा चालवलं. लाल डाग पसरला, मामा सांगत होते तेवढाच. मग पाइप सरळ केला, आणि कण जास्त वाळावेत म्हणून पावसाळ्यात बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान दोन-तीन अंश वाढवायचं ठरलं.

ते खाली कधी आणायचं, यावर दोघांचं अजून जुळत नाही. पावडर वजनावर विकली जाते, जास्त वाळवली की वजन घटतं आणि इंधनही जळतं. त्यामुळे पोरगा म्हणतो, दसऱ्याला तापमान उतरवू. मामा म्हणतात, परतीचा पाऊस जाऊ दे.