हंगाम सरल्यावरचे चिंक्वे तेर्रे

नमस्कार. डिसेंबरची रजा मिळाली की मुंबईकराला समुद्रकिनारा आठवतो, कारण कोकणात तोच ऐन हंगाम असतो. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरील चिंक्वे तेर्रे या पाच गावांत मात्र त्याच दिवसांत अनेक हॉटेले आणि खानावळी बंद असतात. पायी फिरण्याची आवड असलेल्याने तिथे तेव्हाच जावे, असे मला मनापासून वाटते. फक्त पावसात डोंगर चढण्याची आपली सवय सोबत नेऊ नये.

सह्याद्रीत आपण पहिल्या सरीची वाट पाहत असतो. लिगुरियात सर्वाधिक पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडतो आणि तो पायवाटा बंद करतो. २५ ऑक्टोबर २०११ रोजी अतिवृष्टीने वेर्नात्सा आणि मोंतेरोसो ही दोन गावे चिखल-दगडांखाली गाडली गेली होती. याचे मूळ तिथल्या शेतीत आहे. समुद्रावर थेट उतरणाऱ्या या कड्यांवर शेतकऱ्यांनी शतकानुशतके टप्पे पाडून द्राक्षे लावली आणि माती धरून ठेवण्यासाठी चुना-सिमेंटशिवाय, नुसता दगडावर दगड रचून बांध घातले. आपल्या कोकणातले गडगे डोळ्यांसमोर आणा. पुढे कष्टाची ही शेती सोडून लोक शहरांकडे गेले, बांधांची डागडुजी थांबली आणि मुसळधार पावसात ते माती-दगडांसह ढासळू लागले. १९९७ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा ठरवला, तो याच मानवनिर्मित उतारांमुळे. ते सांभाळणारे हात कमी होणे, ही मला या किनाऱ्याची सर्वांत मोठी चिंता वाटते.

म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी चिंक्वे तेर्रे राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर वाटांची स्थिती पाहावी आणि हवामानाचा इशारा असेल तर बेत रद्द करावा. रिओमाज्जोरे आणि मानारोला यांना जोडणारी प्रसिद्ध ‘व्हिया देल्लामोरे’ ही वाट २०१२ मध्ये दरड कोसळल्यावर बंद झाली, ती २०२४ मध्ये पुन्हा उघडली. मानारोला ते कोर्नीलिया हा किनाऱ्यालगतचा टप्पाही वर्षानुवर्षे बंद राहिला आहे. त्याऐवजी व्होलास्त्रा गावावरून, द्राक्षमळ्यांमधून जाणारी चढाची वाट घ्यावी. माझ्या दृष्टीने तीच अधिक सुंदर आहे.

हिवाळ्यात बोटी बंद असतात, त्यामुळे सारी भिस्त या पाचही गावांना जोडणाऱ्या लेव्हांतो ते ला स्पेत्सिया या रेल्वेवर. गाड्या उन्हाळ्यापेक्षा कमी असल्या तरी दोन गावांमधले अंतर काही मिनिटांचेच आहे. कोर्नीलियाला मात्र स्थानकापासून गावापर्यंत पावणेचारशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. मुक्काम ला स्पेत्सियात करावा. ते बारमाही नांदते शहर असल्याने जेवणाची गैरसोय होत नाही.

डिसेंबरात पाचच्या आत सूर्य मावळतो. मोंतेरोसो ते वेर्नात्सा ही जेमतेम साडेतीन किलोमीटरची वाट चढ-उतारांमुळे दोन तास घेते, म्हणून ती सकाळीच धरावी. उन्हाळ्यात याच अरुंद वाटेवर समोरून येणाऱ्यांसाठी पावलोपावली थांबावे लागते; हिवाळ्यात आपल्या चालीने चालता येते, बांधांची रचना निरखता येते. ८ डिसेंबरपासून मानारोलाच्या डोंगरउतारावर दिव्यांनी उजळलेला ख्रिस्तजन्माचा देखावा असतो; एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने टाकाऊ वस्तूंमधून तो साकारला.

पायांत पकड असलेले बूट हवेतच, कारण चपला घालून या वाटांवर जाण्यास मनाई असून दंडही होतो. इटलीसह युरोपातील अनेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तारखा ठरवताना पावसासाठी एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि त्या दिवशी वाट बंद निघालीच, तर रेल्वेने लिगुरियाची राजधानी जेनोव्हा गाठावी.