दुखणं येण्याआधीची मदत

मंडळी, घरखर्चातल्या जवळपास प्रत्येक रकमेला तारीख असते. भाडं या तारखेला, विजेचं बिल त्या तारखेला, मुलांची फी शाळा उघडण्याआधी. आरोग्य विम्याचा हप्ता मात्र थकला, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच बिघडत नाही. दारात कुणी येऊन उभं राहत नाही. म्हणून ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री तिथेच लागते. अशा घरांबद्दल आपण फार सहज म्हणून जातो, की यांना विम्याचं महत्त्वच कळत नाही. मला हे बोलणं अन्यायाचं वाटतं. महत्त्व त्यांना चांगलं कळतं, कारण दुखणं अंगावर काढण्याची वेळ त्यांच्यावरच येते. त्यांच्याकडे पैसे नसतात, एवढंच.

तेव्हा प्रश्न असा, की हा हप्ता सरकारने भरावा का? माझं उत्तर आहे, हो. पण नुसतं ‘हो’ म्हणून भागत नाही, कारण मदत कशी करायची हे चुकलं तर पैसाही जातो आणि माणूसही वाऱ्यावर राहतो. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः त्याबद्दल.

आधी बाजाराचं बघू. स्पर्धा वाढली की विमा स्वस्त होईल आणि गरिबांपर्यंत पोहोचेल, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. कपडे किंवा फोन यांच्या बाबतीत हे खरं ठरलंही. विम्याचं गणित वेगळं आहे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली हे फार स्पष्ट मांडलं. पासष्टी ओलांडलेल्या माणसाला विमा मिळणं इतकं अवघड का, तर हप्ता वाढवला की धडधाकट माणसं बाहेर पडतात आणि ज्यांना उपचार लागणारच आहेत ती मागे राहतात. मग खर्च वाढतो, हप्ता आणखी वाढतो, आणखी माणसं गळतात. म्हणून कंपनी आधीचे आजार विचारते, काही आजारांसाठी थांबायला लावते, वयाप्रमाणे हप्ता चढवते. यात कंपनीचा दुष्टपणा शोधायला नको, तिला हिशोब जुळवायचा असतो. पण परिणाम बघा. ज्या घरात मधुमेहाचे आजोबा आणि दम्याचं मूल आहे, त्या घराचा हप्ता सर्वांत मोठा. आणि आजारपणाने कमावत्या माणसाचे कामाचे दिवस बुडतात, त्यामुळे बहुधा त्याच घराची मिळकत सर्वांत तोकडी. ही दरी बाजार स्वतःहून भरत नाही.

‘ज्याने त्याने आपापलं बघावं’ असं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो. अपघातात सापडलेला माणूस रुग्णालयाच्या दारात आला आणि त्याच्याकडे विमा नसला, तर त्याला परत पाठवायचं का? जवळजवळ कुणीच ‘हो’ म्हणत नाही. अमेरिकेत सार्वत्रिक विमा नाही. तिथेसुद्धा १९८६ साली कायदा झाला, की तातडीच्या रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करायचीच, मग त्याची पैसे भरण्याची ऐपत असो वा नसो. म्हणजे अखेरच्या क्षणी मदत करायची हे समाजाने ठरवूनच टाकलं आहे. पण मदतीची सर्वांत महागडी वेळ तीच असते. मधुमेही माणसाच्या पायाला जखम होते. लगेच दाखवली तर ड्रेसिंग, गोळ्या आणि साखरेवर नियंत्रण, एवढ्यावर बहुतेकदा निभावतं. तो डॉक्टरच्या फीचा विचार करून थांबतो, घरीच हळद लावतो, बूट घालून कामाला जात राहतो. जखम हाडापर्यंत पोहोचते, मग भरती, शस्त्रक्रिया, कधी पाय कापावा लागतो. त्या शस्त्रक्रियेचा खर्च कुणाच्या तरी माथी पडतोच. आणि पाय गेल्यावर त्या घराची कमाईही जाते, ती कुठल्याच बिलात दिसत नाही.

कॅनडात सरकारी आरोग्य विम्याची पायाभरणी करणाऱ्या टॉमी डग्लस यांना हे स्वतःच्या अनुभवातून कळलं होतं. लहानपणी त्यांच्या पायाच्या हाडाला जंतुसंसर्ग झाला. चांगल्या सर्जनची फी देणं घरच्यांना शक्य नव्हतं, पाय कापण्याची वेळ आली होती. एका सर्जनने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ही केस फुकट घेतली आणि पाय वाचला. पुढे सस्कॅचवान प्रांताचे प्रमुख झाल्यावर डग्लस यांनी १९४७ साली सर्वांसाठी रुग्णालय विमा सुरू केला. एखाद्या मुलाचा पाय सर्जनच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, इतकी साधी त्यांची भूमिका होती. १९६२ साली तिथे डॉक्टरांच्या फीचाही समावेश झाला, तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. तरी योजना टिकली, आणि मग देशभर गेली.

आता विमा दिल्याने नेमकं काय होतं, हे प्रामाणिकपणे पाहायला हवं. २००८ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याकडे गरिबांच्या सरकारी विम्यात, म्हणजे मेडिकेडमध्ये, सुमारे १० हजार जागा होत्या आणि नावं नोंदवणारे जवळपास ९० हजार. राज्याने सोडत काढली. त्यामुळे विमा मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची रास्त तुलना करता आली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यांच्यावर दोन वर्षांत ठळक फरक दिसला नाही. तातडीच्या विभागात जाणाऱ्यांची संख्या कमी होण्याऐवजी वाढली. विरोधक हे आकडे पुढे करतात आणि ते खरे आहेत. पण त्याच अभ्यासात कुटुंबाला बुडवणारे उपचारखर्च जवळपास नाहीसे झाले, आणि नैराश्याचं प्रमाण स्पष्टपणे घटलं. विम्याचं पहिलं काम आजारपणातून कर्जाच्या खाईत पडणारं घर वाचवण्याचं आहे. माझ्या दृष्टीने एवढंही पुरेसं आहे.

त्या सोडतीतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सोडतीत नाव निघालं म्हणजे विमा मिळाला असं नव्हतं; अर्ज भरायचा होता, उत्पन्नाचे पुरावे जोडायचे होते. नाव निघालेल्यांपैकी साधारण दहात तिघांनाच शेवटी विमा मिळाला. पुष्कळांनी अर्ज परत पाठवलेच नाहीत, आणि ज्यांनी पाठवले त्यांच्यातले साधारण निम्मे नामंजूर झाले. आता विचार करा, रोजंदारीवर काम करणाऱ्या बाईचं उत्पन्न महिन्यागणिक बदलतं. तिने कुठल्या महिन्याचा दाखला आणायचा? त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवायची, रांगेत उभं राहायचं, आणि एक कागद कमी पडला म्हणून पुन्हा यायचं. गरिबी वारंवार सिद्ध करायला लावणं हा मदत नाकारण्याचाच एक मार्ग होऊन बसतो, सरकारच्या मनात तसं नसलं तरी.

उत्पन्नाची रेघ आखली की तिच्या काठावर माणसं अडकतात, हेही असंच. अमेरिकेच्या २०१० सालच्या कायद्यात रचना अशी होती, की अगदी गरिबांना मेडिकेड आणि दारिद्र्यरेषेच्या वरच्यांना हप्त्यासाठी सवलत. २०१२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या इच्छेवर सोडला. ज्या राज्यांनी तो नाकारला, तिथे विचित्र अवस्था झाली. थोडं जास्त कमावणाऱ्याला सवलत, आणि त्याच्याहून गरीब असलेल्याला काहीच नाही. कुणी मुद्दाम असं ठरवलं नव्हतं. पण अटींवर अटी चढवल्या की अशा फटी राहतातच.

कुटुंबाला विम्याबाहेर ठेवण्याची चूक तर फार जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९११ साली राष्ट्रीय विमा आला. कामगाराने आठवड्याला ४ पेन्स, मालकाने ३ आणि सरकारने २ असा वाटा ठरला. पण डॉक्टरचा उपचार विमाधारक कामगारापुरताच होता. त्याची बायको आणि मुलं बाहेर. १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होईपर्यंत कित्येक आया आपलं दुखणं दडवत राहिल्या, कारण घरातला जास्तीचा पैसा आधी मुलांसाठी लागायचा.

पैसा कुठून येणार, हा रास्त प्रश्न आहे. करातूनच येणार, लपवण्यासारखं त्यात काही नाही. मात्र एक खबरदारी हवी. सरकारने नुसता हप्ता भरायचा आणि रुग्णालयाने मनाला येईल ते बिल लावायचं, असं झालं तर कितीही पैसा ओतला तरी पुरणार नाही. हप्ता भरणाऱ्या सरकारने दरही ठरवले पाहिजेत. थायलंडने २००२ साली सर्वांसाठी योजना आणली तेव्हा बाह्यरुग्ण उपचारांसाठी रुग्णालयांना नोंदणी झालेल्या माणसांमागे ठराविक रक्कम द्यायला सुरुवात केली. रुग्णाकडून भेटीमागे ३० बाट (तिथलं चलन) घेतले जायचे, गरिबांना तेही माफ. श्रीमंत देश होईपर्यंत थायलंड थांबला नाही.

माझा आग्रह आहे तो नोंदणी आपोआप होण्याचा. मेडिकेडमध्ये असलेल्या आईचं बाळ जन्मतःच वर्षभरासाठी पात्र ठरतं, त्याच्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. कागदपत्रांशिवाय हे काम एका वयापर्यंत चालतं, हे सिद्ध झालेलं आहे. मग ते पहिल्या वाढदिवसाला का थांबावं, आणि बाळापुरतंच का असावं, याचं पटणारं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल, तर पुढचा वेळ त्याच्यासाठीच राखून ठेवला आहे.