वाचनालयात पुस्तकाचं नाव नका सांगू, प्रश्न सांगा

नमस्कार मंडळी.

मागच्या व्हिडिओखाली तुमच्या कमेंटा वाचत बसले होते. शब्द वेगवेगळे, पण तक्रार एकच: "ताई, वाचनालयात गेलो, पाहिजे ते मिळालं नाही, परत आलो." सांगलीहून तेच, मिरजेहून तेच, इस्लामपूरहूनही तेच. म्हणून आज फक्त याच्यावर बोलायचंय.

सभासद कसं व्हायचं ते पटकन सांगते. आधारची झेरॉक्स, फोटो, अनामत रक्कम आणि वर्गणी. अनामत सोडताना परत मिळते, पावती जपून ठेवा. पेपर वाचायला तर बहुतेक ठिकाणी सभासदही व्हावं लागत नाही, जाऊन बसायचं. एकानं विचारलंय, "ती संस्था खासगी असते ना, आम्हाला घेतील का?" घेतील. आपल्याकडची बरीच वाचनालयं संस्था चालवतात हे खरं, पण १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली त्यांना अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि त्या वर्गाप्रमाणे सरकारचं अनुदान मिळतं. ती सगळ्यांसाठीच आहेत. बिनधास्त जा.

आता मुद्द्याचं. तुम्ही काउंटरवर जाऊन काय म्हणता? "अमुक पुस्तक आहे का?" ते म्हणतात, "नाही." तुम्ही म्हणता, "बरं." आणि चपला घालून घरी. मला याचाच त्रास होतो. कारण मी स्वतः हेच केलंय, आणि त्यात माझी तीन वर्षं गेली.

आमचं मूळ गाव तासगावच्या बाजूला. आजी सांगायची, तिच्या सासऱ्यांचे वडील लहान असताना मोठा दुष्काळ पडला आणि घरातली माणसं बैल विकून गाव सोडून गेली. मला तो दुष्काळ शोधायचा होता. एका वाचनालयात गेले, म्हटलं, "सांगली जिल्ह्याचा इतिहास आहे का?" समोरच्यांनी एक पातळ पुस्तक दिलं. त्यात दुष्काळ नव्हता. मी समजले की कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. विषय सोडून दिला.

तीन वर्षांनी दुसऱ्या एका वाचनालयात तेच वाक्य बोलले. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुम्हाला नक्की काय शोधायचंय?" मी आजीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही सांगलीत शोधूच नका, साताऱ्यात शोधा."

थांबा, हे नीट सांगते, आपल्या भागातल्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. सांगली जिल्हा जुना नाही. १९४९ साली दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला, आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० साली. इंग्रजांच्या काळात तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. त्यामुळे तिथली जुनी माहिती आहे ती मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या, म्हणजे इंग्रज सरकारनं छापलेल्या जिल्हावार माहितीच्या ग्रंथाच्या, सातारा खंडात. तो छापला १८८५ साली. बाईंनी संदर्भ विभागातून तो काढून टेबलावर ठेवला. इंग्रजीत आहे, जाडजूड आहे, घरी नेता येत नाही, तिथंच बसून वही काढायची. आणि त्यात १८७६-७७ च्या दुष्काळाची हकिगत होती. आमच्या आजीचा दुष्काळ. मी त्या टेबलावर किती वेळ बसले होते ते आठवत नाही, दिवे लावले तेव्हा मान वर केली.

पुस्तक तेव्हाही होतं. बदललं काय? मी पुस्तकाचं नाव सोडून माझा प्रश्न सांगितला, एवढंच.

आटपाडीच्या एका दादांनी लिहिलंय, "आमच्या गावाचं कुठंच काही नाही." दादा, आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती, पंतप्रतिनिधींच्या. औंधला भवानी संग्रहालय आहे ना, त्याला जोडून ग्रंथालयही आहे, तिथं चौकशी करा. जतकरांनी डफळ्यांचं जत संस्थान म्हणून विचारायचं. मिरज-सांगलीकरांनी पटवर्धनांची संस्थानं म्हणून विचारायचं. पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी शाळेत शिकवता शिकवता वाचून काढली आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून खंडाखंडांनी छापली. हे सगळं "सांगलीचा इतिहास" असं म्हणून हाती लागेल का? नाही लागणार. आणि तुम्ही आटपाडीचे आहात हे तुम्ही सांगितल्याशिवाय ग्रंथपालांना कसं कळेल?

"सगळं नेटवर मिळतं" असंही लिहिलंय काहींनी. मिळतं की. जुनी गॅझेटिअर्स नेटवर आहेत, वाईत तयार झालेला मराठी विश्वकोश अख्खा फुकट वाचता येतो, मी रोज वापरते. पण तासगावसाठी सातारा असं टाइप करायचं हे मला मोबाइलनं सांगितलं नाही. त्या बाईंनी सांगितलं.

बरं, इतिहासात रस नसेल तर हळदीचं घ्या. माझे एक नात्यातले काका वाचनालयात गेले, म्हणाले, "हळदीवरचं पुस्तक द्या." मिळालं ते हळदीच्या घरगुती औषधांचं. काका चिडले. मी त्यांना परत घेऊन गेले आणि म्हटलं, "आता तुमचं दुखणं सांगा." ते म्हणाले, "दोन वर्षं झाली, कंद कुजतोय." हे ऐकल्यावर ग्रंथपाल पुस्तकांच्या कपाटाकडे गेलेच नाहीत. कृषी खात्याच्या 'शेतकरी' मासिकाचे जुने बांधीव अंक काढले त्यांनी. कंदकुजीवरचे लेख तिथं. जुने अंक यादीत एकेक लेखाच्या नावानं नसतात, त्यामुळे आपण कितीही शोधलं तरी सापडत नाहीत. ते कपाट फक्त तिथल्या माणसाला ठाऊक असतं.

तिसरं, मुलांचं. आईवडील येतात आणि म्हणतात, "याला काहीतरी चांगलं द्या." आणि तो बिचारा शेजारी उभा! चांगलं म्हणजे काय? त्यालाच बोलू द्या. शेवटचं कुठलं पुस्तक आवडलं, आणि कुठलं अर्धवट टाकलं, कुठल्या पानावर टाकलं. अर्धवट टाकलेल्या पुस्तकाबद्दल जरूर सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या भाचीनं सांगितलं, "राजा-राणी आले की मला झोप येते." तिला किड्यांवरचं पुस्तक मिळालं, आणि आता घरात काडेपेटीतून झुरळं फिरतायत. वहिनीनं मला फोन करून ऐकवलंय.

तर वाक्य बदला. "अमुक आहे का?" याऐवजी "मला अमुक शोधायचंय, कुठं सापडेल?" म्हणा. आणि एवढं करूनही नाहीच मिळालं, तर मागणी वही मागा. पुस्तकाचं नाव, लेखक, आपलं नाव लिहा. खरेदीच्या वेळी ती वही उघडतात. कोरी असेल तर विकत घेणाऱ्यांनी तुमच्या मनातलं ओळखायचं कसं? पुस्तक बाहेर गेलेलं असेल तर नाव लावून ठेवा, परत आलं की कळवतात.

भिंतीवरचा फलकही वाचा, पेपर वाचून झाल्यावर दोन मिनिटं. औदुंबरला संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं हे मला त्या फलकावरून कळलं होतं. कृष्णेच्या काठी बसून कविता ऐकल्या, येताना तिळगूळ मिळाला. व्याख्यानं, जुन्या पुस्तकांची विक्री, दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी, सगळं तिथं लावलेलं असतं.

एक विनंती. पुस्तकात पेनानं लिहू नका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजली. पानांचा लगदा झालेला ज्यांनी पाहिलाय त्यांना पुस्तकावरचा एक चहाचा डागसुद्धा बघवत नाही. मलाही बघवत नाही.

शेवटची कमेंट, पलूसच्या एका आजींची. त्यांच्या नातवानं लिहून पाठवलीय: "माझ्या माहेरच्या गावाचं नाव पुस्तकात आहे का?" आजी, पलूस तालुका अलीकडचा आहे, तुमचं माहेर तेव्हा कुठल्या तालुक्यात होतं ते आधी बघावं लागेल. गावाचं नाव कळवा. शनिवारी मी संदर्भ विभागात बसणारच आहे, सातारा खंड काढून ठेवायला सांगते.