मुलांकडे बघून

(दृश्य: कोपरखैरणे, रात्री सव्वादहा. खिडकीत टीव्हीचा निळा उजेड.)

वन रूम किचनमध्ये भांडायला वेगळी खोली कुठली? भांडण ओट्यापाशीच होतं, दबक्या आवाजात, वर नळ सोडून. बाहेर बसलेला मुलगा रिमोट उचलतो, आवाज वाढवतो. त्याला सगळं ऐकू येतंय.

‘मुलांकडे बघून दिवस काढतोय’ असं म्हणणारी जोडपी ठाण्यात, नवी मुंबईत कमी नाहीत. असं राहणं चूकच, असं नाही. पण नवरा-बायकोत अबोला असला की ‘बाबांना सांग, पान वाढलंय’ हे निरोप पोर पोचवतं. ही हमाली त्याच्याकडून आधी काढून घ्या. फी, डॉक्टर, सुट्ट्या यांपुरतं दोघांनी एकमेकांना थेट व्हॉट्सअ‍ॅप करावं. पैशांचा विषय आठवड्यातून एकदाच, आणि तोही घराबाहेर: वाशीच्या मिनी सीशोअरला किंवा ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर. चारचौघांत आवाज चढत नाही. त्याच्यासमोर वाजलंच, तर मिटलेलंही त्याला दिसू द्या. तो झोपल्यावर झालेला समेट त्याला कळतच नाही. आणि ‘तुझ्यासाठी राहिले’ हे रागाच्या भरातही नको.

शाळेच्या वेळीच पोट दुखतंय, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालंय? आधी बालरोगतज्ज्ञ, तपासणीत काही निघालं नाही तर समुपदेशक.

वेगळं व्हायचंच ठरलं, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली संमतीने घटस्फोट मिळतो. आधी वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं. त्यासाठी दुसरं भाडं भरायलाच हवं असं नाही: एका छताखाली असूनही नवरा-बायकोसारखं राहत नसाल, तरी ते वेगळं राहणंच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटलंय. अर्जानंतर थांबायचे सहा महिने सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापासून माफ होऊ शकतात. घोडं अडतं ते गृहकर्जापाशी. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर घटस्फोटाने बँकेची वसुली थांबत नाही. हप्ता चुकला की दोघांचंही सिबिल (कर्जफेडीची पत) बिघडतं. म्हणून फ्लॅट कोणाकडे, हप्ता कोण भरणार, हे संमतीच्या अटींत आधीच लिहून घ्यावं आणि बँकेकडूनही नाव कमी करून घ्यावं.

मारहाण असेल, तर यातलं कट्ट्यावरचं काहीही लागू नाही. बाईसाठी १८१, मुलासाठी १०९८. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. तरीही एक पिशवी शेजारी ठेवलेली बरी: मुलाचा जन्मदाखला, आधार, चालू औषधं, रिक्षापुरते सुटे पैसे.