नवरीच्या झग्यावर लाल रंग

श्रोतेहो, नमस्कार.

बीजिंगमधल्या छियानमनला पर्यटकांची कायम वर्दळ असते. १४ फेब्रुवारी २०१२ला त्या गर्दीत तीन तरुणी आल्या. अंगात नवरीचे पांढरे झगे, त्यावर रक्तासारखा लाल रंग आणि हातात घरगुती हिंसाचाराविरुद्धचे फलक. त्यांतली ली थिंगथिंग ऊर्फ ली मायझी उघडपणे समलिंगी. थोड्याच दिवसांत ग्वांगझौमध्ये मुलींनी पुरुषांच्या स्वच्छतागृहाचा ताबा घेतला. पुरुषांना म्हणाल्या, जरा थांबा, आधी बायकांना जाऊ द्या! बायकांच्या रांगेत जी ताटकळली आहे, तिला यातली मेख सांगायला नको.

चीनमध्ये समलिंगी स्त्रिया स्वतःला ‘लाला’ म्हणवतात. १९९७मध्ये फौजदारी कायद्यातलं ‘गुंडगिरी’चं कलम गेलं. त्याच कलमाखाली समलिंगी माणसांना पकडत. २००१मध्ये मानसिक आजारांच्या यादीतूनही समलैंगिकता वगळली गेली. पण घरचे थोडेच ऐकतात? मुलीचं वय वाढलं की लग्नाचा लकडा सुरू. २००५मध्ये बीजिंगमध्ये सुरू झालेल्या ‘थोंगयू’ या गटाने लालांच्या घरातल्या छळाचा विषय लावून धरला, आणि हा छळ नवऱ्याचाच असतो असं नाही, आईवडिलांचाही असतो. म्हणून मला वाटतं, स्त्रीवादी चळवळीत या मुली पाहुण्या नव्हत्या. लग्नाची सक्ती काय असते, हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

मार्च २०१५. महिला दिनाला बस-मेट्रोतल्या छेडछाडीविरुद्ध स्टिकर वाटायचे, एवढाच बेत. त्याआधीच ली मायझी, वेई थिंगथिंग, झेंग चुरान, वू रोंगरोंग आणि वांग मान यांना पोलिसांनी उचललं. स्टिकरसाठी ३७ दिवस कोठडी! सरकारला धास्ती स्टिकरची नव्हती, मुली शहराशहरांतून एकत्र येतात याची होती. जगभर ओरड झाली, पाचही जणी सुटल्या. जुलैमध्ये ली मायझीने बीजिंगमध्येच मैत्रिणीशी लग्न केलं, कायद्याने नसलं तरी थाटात.

१ मार्च २०१६पासून घरगुती हिंसाचारविरोधी कायदा लागू झाला. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनाही त्याने संरक्षण दिलं. समलिंगी जोडपी मात्र यात येत नाहीत, असं संसदेच्या अधिकाऱ्याने पत्रकारांना सांगितलं. पुढे २०१८च्या महिला दिनाच्या सुमारास ‘फेमिनिस्ट व्हॉइसेस’ या स्त्रीवादी माध्यमगटाचं समाजमाध्यमांवरचं खातं बंद झालं, आणि मे २०२३मध्ये बीजिंग एलजीबीटी सेंटरनेही गाशा गुंडाळला.