तार दिसू नये, कॅमेरा दिसावा

श्रोतेहो, नमस्कार.

मी वायरमन. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या जुन्या घरांत वायरी ओढण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. हल्ली बोलावणं येतं ते बहुतेक कॅमेऱ्यासाठी. मुलगा पुण्याला, मुलगी पणजीला आणि एवढ्या मोठ्या घरात आई एकटी, अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत.

शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं. त्या काळातलं एक घर मला आठवतं. तिथल्या आजींनी मला उंबऱ्यातच थांबवलं. म्हणाल्या, ‘‘लाव की बाबा कॅमेरा, पोराच्या जिवाला घोर नको. पण माझ्या चौकटीला हात लावायचा नाही.’’ चौकट सागवानी, गणेशपट्टीवर वेलबुट्टी कोरलेली. तिच्यावरून पांढरी प्लॅस्टिकची पट्टी ठोकत न्यायची, हे मलाही बघवलं नसतं.

नव्या स्लॅबच्या घरात आम्ही भिंतीला झिरी मारतो, पाइप घालतो, वरून गिलावा करतो. जुन्या घरात हे चालत नाही. भिंत दीड-दोन फूट जाड, बाहेरून जांभ्याचे चिरे, आत माती, वर चुन्याचा गिलावा. तिथं कटर लावला की झिरी बाजूलाच राहते आणि गिलाव्याचा पोपडा खाली येतो. सुरुवातीच्या काळात माझ्या हातून हे घडलंय. ती जागा आम्ही सिमेंटनं बुजवली आणि पुढच्याच पावसाळ्यात तिच्या कडेनं ओल फुटली. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती आतच कोंडून ठेवतं. मला त्याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून चुन्याच्या जागी चुनाच भरायचा, हे मी कधी मोडलेलं नाही.

जुन्या घरात वायरीची वाट आधीच असते, ती शोधावी लागते. मी ड्रिल काढायच्या आधी बॅटरी घेऊन पोटमाळ्यावर चढतो. तुळईची एक बाजू खोलीतून दिसते, दुसरी दिसत नाही. न दिसणाऱ्या बाजूनं वायर न्यायची, भिंत आणि खांब जिथं भेटतात त्या कोपऱ्यात खाली सोडायची. दाराची फळी उघडली की तो कोपरा झाकला जातो. भोक पाडावंच लागलं तर दोन चिऱ्यांमधल्या दर्जेत पाडावं, चिऱ्यात नको. लाकडी खांबाला स्क्रू मारण्यापेक्षा पट्टीचा वेढा द्यावा. उद्या काढला तरी खांब जसाच्या तसा. आणि माळ्यावरची वायर लोखंडी फ्लेक्सिबल पाइपातूनच न्यावी, उंदीर प्लॅस्टिक सोडत नाहीत.

दुकानात सांगतात, वायफायचा घ्या, वायरच नको. पण वायफायच्या कॅमेऱ्यालाही वीज लागतेच, म्हणजे एक वायर आलीच. शिवाय अशा दोन भिंती मध्ये आल्या की चित्र अडखळायला लागतं. बॅटरीचा कॅमेरा सहसा हालचाल झाल्यावरच जागा होतो आणि तो चार्ज करायला शिडी लावावी लागते. परड्यातल्या दाराला तो चालेल. आजींना मात्र दर महिन्याला शिडी चढायला सांगायची का?

म्हणून जुन्या घरासाठी माझा कल पीओई कॅमेऱ्याकडे असतो. नेटवर्कच्या एकाच बारीक वायरीतून कॅमेऱ्याला वीज जाते आणि त्याच वायरीतून चित्र येतं. वीज सुमारे ४८ व्होल्टची, वायर १०० मीटरपर्यंत नेता येते. सगळ्या कॅमेऱ्यांच्या वायरी ज्या पेटीत येऊन जुळतात तिला नेटवर्कचा स्विच म्हणतात. २००३ सालच्या मानकाप्रमाणे या स्विचच्या एका तोंडातून १५.४ वॅट मिळतात. साध्या कॅमेऱ्याला तेवढे पुरून उरतात. माझ्या दृष्टीनं यातला खरा फायदा वेगळाच आहे. शंभर वर्षं वाळलेल्या लाकडाच्या छपरातून २३० व्होल्टची नवी वायर प्रत्येक कॅमेऱ्यापर्यंत फिरवावी लागत नाही. वायर मात्र शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण लांबवर वीज पुरवताना मार खाते. रेकॉर्डर आणि स्विच कौलांखालच्या उष्म्यात ठेवू नका, खाली कपाटात ठेवा आणि लहानशा यूपीएसवर जोडा.

पावसाचं आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. जांबोटी-कणकुंबीकडे तर भिंतीच घामेजतात. भिंतीतलं भोक आतून बाहेर उतरतं ठेवावं. भोकात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, घरात शिरत नाही. कॅमेरा पागोळीच्या आत हवा, पण चुना लावलेल्या भिंतीला अगदी चिकटून नको. रात्री त्याचाच अदृश्य प्रकाश भिंतीवरून परततो आणि चित्र पांढरंफटक होतं. कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांसाठी कोळी. पंधरा दिवसांनी एकदा कुंचा फिरवावा.

छोटा डोम, म्हणजे घुमटाच्या आकाराचा कॅमेरा, घेऊन त्याच्या कडेला लाकडाचा रंग दिला की तो डोळ्यांत खुपत नाही. पण इथंच मला एक गोष्ट अगदी मनापासून सांगायची आहे. तार लपवा; कॅमेरा माणसांपासून लपवू नका. आपल्या वाड्यांत भाडेकरू असतात, चौक सामाईक, विहीर सामाईक, न्हाणीघराची वाटही सामाईक. एका मालकांनी मला भाडेकरूंच्या जिन्यात कुणाला कळणार नाही असा कॅमेरा बसवायला सांगितलं. मी हत्यारं गोळा करून परत आलो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलंय. बाईमाणसाचं खासगी क्षणी चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. कॅमेऱ्याखाली मराठीत आणि कन्नडमध्ये पाटी लावा. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना तोंडानं सांगा. शेजाऱ्यांचं दार चित्रात येत असेल तर तेवढा भाग काळा करून टाकायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते.

शहापूरच्या त्या घरात शेवटी दोनच कॅमेरे बसले, एक सोप्यातल्या तुळईला आणि एक परड्याकडे. चौकटीला ओरखडाही आला नाही. मोबाईलवर चित्र दाखवलं तेव्हा आजींनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, ‘‘माझं देवघर यात येतंय काय रे?’’

कोपऱ्यातून समई दिसत होती. मी पुन्हा शिडीवर चढलो आणि कॅमेरा बोटभर दाराकडे वळवला.